आंजर्ल्याच्या घराचे छप्पर

वैशाखात कोकणात जावयाचे ते आंब्याफणसांसाठी, अशी शहरवासी मंडळींची समजूत असते. आम्ही गेल्या वैशाखात आंजर्ल्यास गेलो ते छपरासाठी. काकूंचा निरोप आला होता, "दोन पावसाळे माजघरात गळते आहे, आणि वर चढून पाहावे तर एक कौल फुटलेले नाही. तुम्ही तिघे भाऊ एकदा येऊन काय ते ठरवा."

खेड स्थानकावर पहाटे उतरलो. तेथून दापोलीचे पठार चढावे, आसूदच्या गर्द बागा मागे टाकाव्या आणि हर्णैजवळ आले की सुवर्णदुर्ग पाण्यात उभा दिसावा, हा क्रम लहानपणापासून डोळ्यांत बसलेला आहे. फरक एवढाच की, जोग नदीची खाडी पूर्वी तरीतून ओलांडावी लागे, तेथे आता पूल आहे. घरी जाण्यापूर्वी कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले. तेथून खाली पाहिले म्हणजे नारळीपोफळींच्या दाटीत तांबडी कौलारू छपरे दिसत असत. आता त्यांत निळे-हिरवे पत्रे पुष्कळच मिसळले आहेत. दिनांक 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आले आणि त्या एका दिवसात दापोली व मंडणगड तालुक्यांतील असंख्य घरांची छपरे उघडी पडली. पाऊस तर दाराशी येऊन ठेपलेला. ज्याला कौले मिळाली त्याने कौले घातली, ज्याला मिळाली नाहीत त्याने पत्रे. शिवाय वानरांचा उपद्रव आहेच. "वानर पत्र्यावर नाचला तर आवाज होतो, कौलांवर नाचला तर खर्च होतो," असे काकू म्हणतात.

आमचे घर मंगळुरी कौलांचे. बासेल मिशनने 1865 साली मंगळुराजवळ जेप्पू येथे ह्या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरोबंदरी पोहोचली. कौल एकमेकांत खाचेने बसते, म्हणून जुन्या नळ्यांप्रमाणे दरवर्षी चाळावे लागत नाही. चांगले भाजलेले कौल शंभर वर्षे टिकते, आणि घोटाळा तेथेच होतो. वरचे कौल शाबूत दिसले की मनुष्य निश्चिंत होतो. खाली काय चालले आहे ते पाहत नाही.

कोकणातील बहुतेक घरांत वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले एवढाच पसारा असतो. तिरक्या पावसात थोडे तुषार आत येतात, ते चुलीच्या धगीने वाळून जातात. परंतु आमच्या कैलासवासी काकांनी 1988 साली माळा वापरता यावा म्हणून वाशांवर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर डांबरी कागदाचे अस्तर पसरले आणि त्यावर रिपा मारून कौले पुन्हा मांडली. त्या वेळी गावात ह्या कामाचे मोठे कौतुक झाले होते.

गावातील वृद्ध मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आमचे थोरले चुलतबंधू दादा ह्यांचा विचार सरसकट पत्रे टाकावे असा. ठाण्याच्या नानाचे म्हणणे, दहावीस कौले बदलली की भागेल. मिस्त्री दोघांचेही ऐकून घेऊन प्रथम माळ्यावर गेले. विजेरी त्यांनी सरळ न धरता फळ्यांच्या अंगालगत आडवी धरली. तशा उजेडात फळ्यांवरचे डाग स्पष्ट दिसू लागले. नुसते डाग नव्हेत, तर एकात एक अशी तपकिरी वलये. एकदाच भिजलेल्या लाकडावर एकच वलय उमटते; चार वलये दिसली तर पाणी चार वेळा येऊन वाळले असे समजावे. खिळ्यांभोवती काळे ठिपके होते. मग त्यांनी आरीचे टोक फळीत दाबून पाहिले. आढ्याजवळ ते जेमतेम रुतले. वळचणीजवळ मात्र लोण्यात जावे तसे गेले. काकू खालून पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"भाऊ," मिस्त्री मला म्हणाले, "वाऱ्याच्या पावसात कौलाच्या सांध्यातून थोडं पाणी आत यायचंच. ते अस्तरावरून घसरत वळचणीबाहेर पडलं पाहिजे. इथं ते मधेच मुरतंय."

नंतर शिडी लावून त्यांनी पश्चिमेकडच्या पाख्यावरील कौले तीन ठिकाणी उचलली : वळचणीला, मध्यावर आणि आढ्यालगत. एकाच ठिकाणी पाहून निकाल देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. वळचणीचा कागद उन्हाने झिजून झिरझिरीत झाला होता. मधला कागद त्यांनी बोटांनी दुमडला. चांगला असता तर वाकला असता. तो भाजलेल्या पापडासारखा तुटला. आढ्यालगतचाही तसाच. एका जागी फाटला असता तर ठिगळ लावून चालले असते, परंतु तिन्ही ठिकाणी तुटला, तेव्हा त्याचे आयुष्य संपले हे उघड झाले. अशा कागदाची उमर वीस ते तीस वर्षे. आमचा त्याहून सातआठ वर्षे अधिक जगला होता.

आता खरे मर्म पुढेच आहे. प्रत्येक आडव्या रिपेच्या वरच्या अंगाला माती, पाने आणि कौलांचा भुगा साचून ओली वरवंडी झाली होती. काकांच्या वेळी रिपा थेट कागदावर ठोकल्या होत्या. त्यामुळे घसरणारे पाणी प्रत्येक रिपेशी अडे, आणि जेथे ते अडे नेमकी तेथेच खिळ्यांची भोके. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात ही प्रत्येक रीप एक लहानसा बांधच होय. भोकातून शिरलेले पाणी फळीच्या पाठीवरून दोनतीन हात वाहत जाऊन भलत्याच जागी टपकते; म्हणून काकू माजघरावरचे कौल तपासत होत्या आणि दोष होता वर आढ्याकडे. त्याची खातरी पटविण्यासाठी मिस्त्र्यांनी कळशीने पाणी ओतून दाखविले. वळचणीपासून आरंभ करून हातहातभर वर सरकत गेले. प्रथमच वरून ओतले असते तर सगळे पाखे भिजून काहीच उमगले नसते. आढ्यापासून पाच हातांवर पाणी पडताच थोड्या वेळाने माजघरातून काकूंची हाक आली.

वादळानंतर घाईने घातलेली नवी कौलेही निर्दोष नव्हती. ती दुसऱ्या कारखान्याची; साचा किंचित निराळा, त्यामुळे जुन्यांच्या खाचेत ती नीट बसत नव्हती. फुटलेली नव्हती खरी, पण पाणी आत घेत होती.

रात्री जेवणानंतर ओटीवर बैठक झाली. दादांनी पत्र्यांचा हिशेब मांडला, नानाने ठिगळाचा. काकू इतका वेळ सुपारी कातरीत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी माझ्यासाठी माळा केला. पत्रे घातले तर दुपारी मला त्या घरात बसवणार नाही. तुम्हाला चार दिवस राहावयाचे, मला बारा महिने." दादांनी हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

काम पश्चिमेच्या पाख्याचेच घ्यावयाचे ठरले, कारण पावसाचा मारा तिकडून. कौले उतरवून, धुऊन, एकेक बोटाने वाजवून पाहिली. शाबूत कौल खणखणीत वाजते, चिरेचे बद्द बोलते. कौल अडीच किलोंच्या आसपास वजनाचे आणि एका चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात. तेव्हा हा भार कुजक्या फळ्यांवर किती दिवस होता हे मनात येऊन मला उशिरा का होईना, भीती वाटली. वळचणीच्या नऊ फळ्या बदलल्या. नवा जाड कागद खालून वर, प्रत्येक पट्टा खालच्यावर वीतभर येईल असा अंथरला. मग मिस्त्र्यांनी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या मारल्या आणि त्यांवर आडव्या रिपा. आता रीप कागदाला टेकत नाही; खालून पाणीही निघून जाते आणि वाराही फिरतो. 1988 साली एवढ्या पट्ट्यांची लाकडे वाचविली होती.

आषाढात काकूंचा निरोप आला की, माजघरातील घंगाळ त्यांनी उचलून न्हाणीघरात ठेवले आहे. पूर्वेकडचे पाखे पुढील वैशाखावर टाकले आहे. नानाचा वाटा अद्याप यावयाचा आहे.