सैल गिअर आणि दोषाचा शोध
सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या गावात, जिथे प्रवासी जीप आणि जुन्या मोटारी दिवसभर थांबत-निघत धावतात, तिथे गिअरचा दांडा सैल होणे ही खऱ्या काळजीची बाब ठरते. परंतु तेवढ्यावरून गिअरबॉक्स उघडायला लावणे हा वाहनमालकाच्या खिशावर अन्याय आहे. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या मोटारींत दांडा बहुधा केबलने किंवा सळ्यांनी गिअरबॉक्सला जोडलेला असतो, आणि सांध्यांतील बुश, म्हणजे धातूवर धातू घासू नये म्हणून बसवलेली रबराची वा प्लास्टिकची कडी, उष्णतेने आणि धुळीने झिजली की जोडणीत ढिलाई येते. म्हणून इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सबाहेरचा आर्म, म्हणजे दांड्याची हालचाल आत पोहोचवणारी पट्टी, निरखावी. दांडा हलूनही आर्म स्थिर राहिला, तर दोष जोडणीतच असतो. आर्म पूर्ण सरकूनही गिअर निसटत असेल, तेव्हा मात्र आतील फोर्कचा, म्हणजे गिअरची कडी सरकवणाऱ्या चिमट्याचा, संशय रास्त ठरतो. जुन्या जीपमध्ये दांडा अनेकदा थेट गिअरबॉक्सवर उभा असल्याने तपासणी त्याच्या बुडापासून सुरू करावी लागते.