हाकेची लांबी

शिक्षकाच्या हातातील तांबडी शाई कधी कधी शिक्षकालाच धडा शिकवून जाते. माझ्या बाबतीत असेच घडले.

कोकणातील एका खाडीकाठच्या गावी मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. वह्या तपासताना ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक माझ्या नजरेतून सुटत नसे आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. एकदा सातवीच्या वर्गाला मी 'निरोप' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. एका मुलाने आपला थोरला भाऊ नोकरीसाठी मुंबईस निघाला तो प्रसंग लिहिला होता. होडी काठापासून दूर गेली, माणसे लहान दिसू लागली, तेव्हा काठावर उभी असलेली आई ओरडली, "बाळा, जपून जाआआआआ!"

मी ते चारही 'आ' खोडले आणि समासात शेरा लिहिला, 'एक काना पुरे.'

वही हाती पडताच तो मुलगा माझ्याजवळ आला. खाली मान घालून हळूच म्हणाला, "गुरुजी, आईची हाक एवढी लहान नव्हती."

मला उत्तर सुचेना. त्या रात्री मी व्याकरणाची पुस्तके उघडून बसलो. पाणिनीने स्वरांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन आणि प्लुताच्या तीन. कोंबड्याचे आरवणे आठवा, म्हणजे हे तिन्ही ध्यानात येतील. संस्कृतात प्लुत स्वरापुढे ३ हा अंक लिहितात, जसे, ओ३म्. पुढे पाणिनी असेही सांगतो, की दुरून हाक मारताना वाक्याच्या अखेरचा स्वर प्लुत होतो. त्या माउलीने नेमके हेच केले होते! जे मी वाचूनही विसरलो होतो, ते त्या मुलाच्या कानाने अचूक टिपले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "मुलांनो, ती हाक खरी होती. ती खोडण्यात माझी चूक झाली. मात्र ती लिहिण्याची रीत आज आपण शिकू."

मराठीत यासाठी 'ऽ' हे चिन्ह आहे. त्याला अवग्रह म्हणतात. संस्कृतात ते लोप पावलेल्या 'अ'ची खूण म्हणून येते, जसे, सोऽहम्. मराठीने मात्र त्याला स्वर लांबविण्याचे काम दिले. ज्या स्वराला ओढ असेल, त्याच्याच पुढे ते लिहावे. आश्चर्याने विचारताना 'काऽय?', दुरून हाक मारताना 'आईऽऽ'. 'थांबबब' असे मात्र लिहू नये. 'ब्' म्हणताना ओठ मिटतात. मिटलेल्या ओठांनी हाक कशी लांबणार? लांबतो तो आधीचा 'आ', म्हणून 'थांऽब' लिहावे. एक-दोन अवग्रह पुरेत. प्रत्येक शब्द लांबविला, तर कोणतीच हाक लांब वाटणार नाही. शिवाय हे चिन्ह मित्राच्या पत्रात, गोष्टीत किंवा संवादात शोभते, अर्जात नव्हे.

त्या मुलाने वहीत पुन्हा लिहिले, "बाळा, जपून जाऽऽ!" मी माझा शेरा खोडला.

आता मी निवृत्त झालो आहे. माझी नात मोबाइलवर मला 'आजोबाआआआ' असा संदेश पाठवीत असे. मी तिला अवग्रह दाखविला, परंतु आधी तिच्या हाकेला 'होऽ' दिली. अक्षर सुधारण्यापूर्वी त्यामागचा आवाज ऐकावा, हे मला त्या खाडीकाठच्या मुलाने शिकविले.