हमालमामांचं देणं

नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर कौन्सिलचा शिक्का असतो, मार्कलिस्टवर सह्या असतात. ज्या रुग्णांच्या अंगावर आम्ही हे काम शिकलो, त्यांची नोंद कुठंच नसते. मी सारं आयुष्य याच कामात काढलं, आधी स्टाफ नर्स म्हणून आणि पुढं सिस्टर ट्यूटर म्हणून. उपकार पुष्कळांचे आहेत. पण अफझलगंजच्या उस्मानिया हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात खाटेला खिळून असलेल्या एका हमालाचं देणं मला सगळ्यांत मोठं वाटतं.

आमच्या देगलूर-मुखेड भागाला हा दवाखाना कधीच परका नव्हता. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. पुढं राज्य बदललं, तरी मोठं दुखणं आलं की माणसं हैदराबादचीच वाट धरायची. गौलीगुड्याच्या पत्र्याच्या भल्यामोठ्या बसस्टँडवर उतरायचं आणि विचारत विचारत अफझलगंज गाठायचं. 1982 साली मीही तशीच आले, नर्सिंग शिकायला. मुसी नदीच्या काठावरची ती घुमटांची इमारत पाहून मला धडकीच भरली होती.

नर्स म्हणजे पांढरा गणवेश आणि इंजेक्शन, एवढीच माझी समजूत. वॉर्डात गेल्यावर इंजेक्शन लांबच राहिलं. सकाळी ओव्हर घ्यायची, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्ड ताब्यात घ्यायचा, खाटा लावायच्या, बेडपॅन द्यायचं, स्पंज बाथ, पाठीला स्पिरिट-पावडर, आणि मग टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद. वॉर्डात तेलुगू आणि दखनी. मला मराठी, आणि दखनी जेमतेम. पण खरी अडचण भाषेची नव्हती. निघताना काकांनी वडिलांना सुनावलं होतं, "पोरीला परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावायला पाठवतोस?" ते बोलणं माझ्या हातांत बसलं होतं. पुरुष रुग्णाला धरायची वेळ आली की मी हात लांब करून, बोटांच्या टोकांनी धरायचे. अंग होईल तेवढं मागं ठेवायचे. बरोबरच्या मुलींची तक्रार असायची की माझ्या बाजूनं रुग्ण नेहमी खाली सरकतो.

आमच्या सिस्टर ट्यूटर केरळच्या होत्या, बोलायला मोजक्या. श्वास मोजायला त्यांनी शिकवलं ते अजून तसंच्या तसं आठवतं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, आणि मग मनगट न सोडता, नाडीच पाहतोय असं दाखवत, छातीची हालचाल मोजायची. कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. हे सांगताना त्यांनी आम्हाला त्याच जागेचा इतिहास सांगितला. सर सालारजंगांनी 1866 साली उभारलेल्या इथल्या जुन्या अफझलगंज हॉस्पिटलात डॉ. एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन होते. त्यांच्या पुढाकारानं 1888 आणि 1889 साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन कमिशनं बसली, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा भूल देणाऱ्यानं श्वासावर नजर ठेवावी. साऱ्या जगात त्याची चर्चा झाली. पुढच्या संशोधनात मात्र दिसलं की क्लोरोफॉर्मनं हृदय थेटही बंद पडू शकतं. "म्हणून आपण दोन्ही पाहायचं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. लॉरींचं ते हॉस्पिटल 28 सप्टेंबर 1908 च्या मुसीच्या महापुरात गेलं. ज्या चिंचेला धरून सुमारे दीडशे माणसं तेव्हा वाचली, ती चिंच आवारात अजून आहे. रात्रपाळी संपली की आम्ही तिच्याखालून हॉस्टेलकडं जायचो.

मग हाडांच्या वॉर्डात पोस्टिंग लागलं, आणि तिथं ते हमालमामा भेटले. मुखेडकडचे, पोटापाठी हैदराबादला येऊन उस्मानगंजच्या धान्यबाजारात पोती वाहायचे. पायरीवरून पाय निसटला, पाठीवरचं पोतं अंगावर आलं आणि मांडीचं हाड मोडलं. त्या काळी अशा रुग्णाला ट्रॅक्शनवर आठवडेच्या आठवडे ठेवत. गुडघ्याखाली हाडातून आरपार पिन, पाय ब्राउन स्प्लिंटवर, पिनेला बांधलेली दोरी पुलीवरून खाली, तिला लोंबकळणारी वजनं, आणि खाटेचा पायथा लाकडी ठोकळ्यांवर उचललेला. आमच्याआधी किती बॅचेस त्यांच्या खाटेवर हात बसवून गेल्या होत्या कोण जाणे. नव्या मुली येताना दिसल्या की ते स्वतःच तयारीला लागायचे.

पहिल्या दिवशी मी नेहमीच्या सवयीनं चादर बाजूनं ओढायला गेले. ते म्हणाले, "तसं नाही बाई. वरून खाली आण. अन् त्या वजनाला काही झालं तरी हात नको लावू, ते लोंबतच राहिलं पाहिजे." डोक्यावरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून, चांगला पाय गादीत रोवून ते कंबर उचलायचे. "हां, आता सरकव." पुस्तकात वाचलेलं ते हेच, हे मला रात्री पुस्तक उघडल्यावर उमगलं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांना वर सरकवताना त्यांनी माझी धरायची तऱ्हा पाहिली असावी. एका दुपारी, वॉर्ड शांत असताना, त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "पोरी, मी पंचवीस वरसं पोती उचलतोय. तू माणूस उचलती का कढईतलं वडं? कमरंत नको वाकू, गुडघ्यात वाक. पाय फाकून उभी ऱ्हा. अन् ओझं अंगाला लावून धर. लांब धरलं की ते तुला वडून घेतंय, मग तूबी पडती अन् तेबी पडतंय." मग म्हणाले, "उचलायच्या आधी त्याला सांग. एक, दोन म्हण. पोत्याला कळत नाही, माणसाला कळतंय. ते आपलं आपण हलकं होतंय."

हे पुस्तकातही आहे. वजन उचलताना पाठ सरळ, भार शरीराजवळ, जोर मांड्यांचा, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले असते. पण ओझं अंगाला लावून धर, हे ते सांगेपर्यंत मला त्यात माझी लाज अडकली आहे हे दिसलंच नव्हतं. काकांच्या बोलण्यापायी मी जे अंतर राखत होते, ते रुग्णाला सुरक्षित ठेवत नव्हतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या आजोबांना मी काखेखालून नीट हात घालून, छातीशी धरून वर घेतलं. मामा आपल्या खाटेवरून "एक, दोन" म्हणत होते. आजोबांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मला काहीच वावगं वाटलं नाही. नर्स म्हणून काम करायची माझी सुरुवात त्या दिवसापासूनची.

पहिलं इंजेक्शनही मी त्यांनाच दिलं, चांगल्या पायाच्या मांडीला, बाहेरच्या बाजूनं. काचेची सिरिंज हातात थरथरत होती. माझं पहिलंच आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तोंड भिंतीकडं करून उस्मानगंजातल्या ज्वारीचा भाव सांगत राहिले.

पोस्टिंग संपलं तसं मी कोटीच्या प्रसूती रुग्णालयात गेले, मग मुलांसाठी निलोफरला. विद्यार्थिनीचं असंच असतं: ओळख होते आणि यादीत पुढच्या वॉर्डाचं नाव लागतं. पुन्हा हाडांच्या वॉर्डात डोकावले तेव्हा त्या खाटेवर दुसरं कोणी होतं. मामांवर मी केस स्टडी लिहिली होती. निदान, वजनं, रोजचे टीपीआर, पिनेभोवतीच्या जागेची निगा, सगळं व्यवस्थित. ते मला काय शिकवून गेले याला त्या वहीत रकाना नव्हता, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. घरी पोचल्यावर त्यांना पुन्हा पोती उचलता आली का, हे मला कधीच कळलं नाही.

माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी कंबरदुखीनं लवकर थकल्या. माझी कंबर निवृत्तीपर्यंत शाबूत राहिली, ते या माणसामुळं. पुढं तो दवाखानाही बदलत गेला. 2020 च्या जुलैत पावसाचं पाणी वॉर्डांत शिरलं आणि उस्मानियाच्या जुन्या इमारतीतले वॉर्ड बंद झाले. 31 जानेवारी 2025 ला गोशामहलला नव्या इमारतीची पायाभरणी झाली. आता मुली आधी लॅबमध्ये पुतळ्यावर शिकतात, ते चांगलंच आहे. रुग्णाचा त्रास तेवढा वाचतो. पण पुतळा एक-दोन म्हटल्यावर हलका होत नाही. म्हणून पहिल्या पोस्टिंगआधी मी वर्गात तांदळाचं पोतं आणून ठेवायचे, प्रत्येकीला ते अंगाशी धरून उचलायला लावायचे, आणि सांगायचे की वॉर्डात गेल्यावर सगळ्यांत जुना रुग्ण कोणता ते आधी विचारा, त्याच्यापाशी बसा. हे कुठल्या पुस्तकात आहे असं कोणी विचारलं, तर मी सांगायचे की उस्मानगंजच्या एका हमालानं शिकवलंय.