हरकत नसल्याचा दाखला

परदेशात लग्न करू पाहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाकडे अनेक देश सर्वांत आधी एक दाखला मागतात: 'सर्टिफिकेट ऑफ नो इम्पेडिमेंट', बोलण्यात 'सीएनआय'. या माणसाच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, एवढेच तो सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो राहत्या भागातल्या रजिस्टर ऑफिसातून मिळतो. अर्जदाराने पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा घेऊन स्वतः जायचे आणि लग्नाची नोटीस द्यायची. ती नोटीस 28 दिवस लावली जाते. तेवढ्यात कोणाची हरकत आली नाही, तर दाखला हातात पडतो. दोघेही ब्रिटिश असतील तर दोघांनी आपापल्या भागात वेगवेगळी नोटीस द्यायची आणि दोन वेगळे दाखले घ्यायचे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची यंत्रणा स्वतंत्र आहे.

हा दाखला असा उलट्या वाटेने का द्यावा लागतो, याचे कारण ब्रिटनच्या नोंदवहीत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1837 मध्ये सुरू झाली. पण तिथे नोंद होते ती घटनेची, माणसाची नव्हे. एखाद्याच्या जन्माच्या नोंदीवरून त्याचे पुढे लग्न झाले की नाही, हे कळत नाही. इटलीत नेमके उलटे. तिथे जन्मनोंदीच्या समासात पुढे लग्नाचीही टीप येते, आणि नगरपालिकेचा कारकून एका नोंदीवरून माणूस विवाहित की अविवाहित ते सांगू शकतो. साहजिकच तो परक्या नागरिकाकडूनही तसाच कागद मागतो. ब्रिटिश रजिस्ट्रारला तो देता येत नाही. 'अमुक व्यक्ती अविवाहित आहे' असे तो लिहून देत नाही. नोटीस लावली होती आणि कोणी हरकत घेतली नाही, एवढ्यावरच तो सही करतो. पुराव्यापेक्षा शांततेवर उभा असलेला हा कागद युरोपभर चालतो, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत लेखिकेचा या कागदांशी संबंध आला तो मावशी या नात्याने. भाची मुंबईत जन्मलेली, लहानपणीच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेली आणि आता ब्रिटिश नागरिक. नवरा मुलगा यॉर्कशरचा. लग्न टस्कनीतल्या एका लहानशा गावात, नगरपालिकेच्या सभागृहात करायचे, हे दोघांनी परस्पर ठरवले होते. भाचीची आई पाहुण्यांच्या यादीत गुंतलेली. त्यामुळे कागदांची फाइल मावशीच्या काखोटीला आली.

इटलीच्या नागरी संहितेचे कलम 116 परदेशी नागरिकांच्या लग्नासाठी आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लग्नाला अडथळा नाही, असे स्वतःच्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याचे निवेदन परदेशी व्यक्तीने आणावे, असे ते सांगते. या निवेदनाला इटालियन लोक 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशांच्या बाबतीत त्याची जागा दोन कागद मिळून घेतात. एक अर्थातच सीएनआय. दुसरे 'स्टॅट्युटरी डिक्लरेशन', म्हणजे सॉलिसिटर किंवा नोटरीसमोर केलेले शपथेचे निवेदन. त्याचा कायदा 1835 चा. यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, वैवाहिक स्थिती असा तपशील असतो, आणि मजकूर इंग्रजी-इटालियन असा जोडीने छापलेला असल्यामुळे त्याचे भाषांतर करावे लागत नाही. सीएनआय मात्र केवळ इंग्रजीत असतो.

याच कलमामुळे इटलीच्या कायद्यातल्या काही अटी परदेशी माणसालाही लागू होतात. त्यांतली कलम 89 ची अट अनेकांना ऐनवेळी कळते: घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला आधीचा विवाह संपल्यापासून 300 दिवस पुन्हा लग्न करता येत नाही. मूल कोणाचे, हा वाद उद्भवू नये म्हणून केलेला हा जुना नियम; त्यातून सवलत मिळू शकते, पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. पुरुषाला अशी अट नाही. घटस्फोट झालेल्यांनी न्यायालयाचा अंतिम आदेश जोडावा लागतो. इंग्लंडमध्ये त्याला पूर्वी 'डिक्री ॲब्सोल्यूट' म्हणत. 6 एप्रिल 2022 पासून नव्या अर्जांवर 'फायनल ऑर्डर' निघते. जुन्या नावाचा आदेश पाहून परदेशातला कारकून अडखळू शकतो, म्हणून आधीच विचारून घेतलेले बरे.

दोन्ही कागद हाती आले, तरी परदेशात त्यांना अजून किंमत नसते. इंग्लंडमधल्या रजिस्ट्रारची सही इटलीतल्या कारकुनाने ओळखावी कशी? त्यासाठी अपॉस्टील लागते. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून ही पद्धत आली. भारतही 2005 पासून या करारात आहे. ब्रिटनमध्ये हे काम परराष्ट्र खात्याचे मिल्टन कीन्समधले लीगलायझेशन ऑफिस करते. कागदावरची सही आणि शिक्का आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून ते दाखल्याला एक छोटा छापील कागद जोडतात. त्याचे शीर्षक फ्रेंचमध्ये असते, कोणत्याही देशाचा असला तरी. खाली एक ते दहा आकडे घातलेले रकाने: देश, सही कोणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, कोणी दिले, क्रमांक, मोहोर, सही. कागदातला मजकूर खरा आहे असे अपॉस्टील सांगत नाही. सही खरी आहे, एवढेच सांगते. शपथपत्रात कोणी धडधडीत खोटे लिहिले, तरी सॉलिसिटरची सही खरी असेल तर अपॉस्टील मिळतेच.

भाचीचे निवेदन अडले ते जन्मस्थळापाशी. तिच्या ब्रिटिश पासपोर्टवर जन्मस्थळ 'बॉम्बे' छापलेले आहे. ती जन्मली तेव्हा शहराचे अधिकृत नाव तेच होते, आणि ते बदलले 1995 मध्ये. निवेदन भरताना तिने सवयीने 'मुंबई' लिहिले. शपथ झाली, अपॉस्टील झाले, स्कॅन केलेली प्रत गावाच्या नगरपालिकेकडे गेली. तिथल्या बाईंचे अत्यंत नम्र उत्तर आले: पासपोर्टवरचे शहर आणि निवेदनातले शहर निराळे आहे, कोणते धरायचे? भाचीच्या आईचा पारा चढला. "अगं, अख्ख्या जगाला ठाऊक आहे की दोन्ही एकच!" त्यात तथ्य होते, पण नगरपालिकेच्या बाईंचेही चुकत नव्हते. लग्नाच्या नोंदीत जे अक्षर उतरेल ते पुढे आयुष्यभर पासपोर्टशी जुळायला हवे. भूगोलाचे ज्ञान तिथे उपयोगाचे नाही. अखेर पासपोर्टबरहुकूम दुसरे निवेदन केले, पुन्हा शपथ, पुन्हा मिल्टन कीन्स. महाराष्ट्रात जन्मलेल्यांच्या बाबतीत नावाचेही असेच होते. कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या नावाच्या जागी असते, कोणाच्या नसते. म्हणून नोटीस देतानाच नाव पासपोर्टावर जसे आहे तसे, अक्षरन् अक्षर लिहायचे, हा एकच नियम पाळण्याजोगा आहे.

सीएनआयचे भाषांतर हा पुढचा टप्पा. नुसते अचूक भाषांतर पुरत नाही. ते शपथेवरचे लागते. इटलीत भाषांतरकार न्यायालयाच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन आपले भाषांतर मूळ मजकुराशी प्रामाणिक असल्याची शपथ घेतो आणि कागदावर 'मार्का दा बोल्लो' म्हणजे 16 युरोचे मुद्रांक तिकीट लावतो. आपल्याकडे कोर्ट फी स्टॅम्पसाठी स्टॅम्प व्हेंडर शोधावा लागतो. इटलीत हे तिकीट सिगारेटच्या दुकानात मिळते. दुकानाबाहेर 'टी' अक्षराची पाटी असते. आत दुकानदार यंत्रातून चिकटपट्टीसारखे तिकीट काढून देतो, आणि त्यावर विक्रीची तारीख व वेळ छापलेली असते. ही तारीख कागदाच्या तारखेनंतरची असली तर तिकीट लावलेच नाही असे समजले जाते. म्हणून आधी तिकीट, मग शपथ.

दोघेही परदेशी आणि इटलीत न राहणारे असतील, तर तिथे लग्नाची जाहीर सूचना लावत नाहीत. लग्नाच्या एक-दोन दिवस आधी जोडप्याने नगरपालिकेत मूळ कागद दाखवायचे असतात. इटालियन येत नसेल तर दुभाषी बरोबर हवा. इथे मुदतीचाही हिशेब लागतो: सीएनआयवर ब्रिटनने समाप्तीची तारीख घातली नाही, तरी इटलीत तो सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो. फार लवकर काढला तर वाया, फार उशिरा काढला तर 28 दिवस, अपॉस्टील आणि भाषांतर यांतून वाट काढता काढता विमानाची तारीख उजाडते.

प्रत्यक्ष विधी थोडक्यात आटोपतो. महापौर किंवा त्याचा प्रतिनिधी खांद्यावरून तिरंगी पट्टा घेतो (हिरवा, पांढरा, तांबडा), दोन साक्षीदार उभे राहतात, आणि नागरी संहितेची 143, 144 आणि 147 ही कलमे वाचली जातात: परस्परांशी निष्ठा, आधार आणि सहवास, घर कुठे करायचे ते दोघांनी मिळून ठरवणे, मुलांचे पालनपोषण. दुभाषी ती इंग्रजीत सांगतो. मग एक प्रश्न येतो ज्याची पाहुण्यांना कल्पना नसते: मालमत्ता सामाईक ठेवणार की स्वतंत्र? काही सांगितले नाही तर कायद्याने ती सामाईक धरली जाते. लेखिकेच्या शेजारी बसलेल्या आजींनी हे ऐकून कुजबुजत विचारले, "अगं, हे आत्ताच विचारतात?" मंगलाष्टकांच्या आधी कोणी असे विचारले असते, तर मांडवात काय झाले असते कोण जाणे, पण कायद्याच्या दृष्टीने योग्य वेळ तीच.

विवाहाऐवजी नागरी भागीदारी हवी असणाऱ्यांची वाट वेगळी. ब्रिटनमध्ये ती 2005 पासून समलिंगी जोडप्यांसाठी होती, आणि इंग्लंड-वेल्समध्ये 31 डिसेंबर 2019 पासून स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुली झाली. इटलीत 2016 च्या 76 क्रमांकाच्या कायद्याने आलेली 'उनिओने चिविले' फक्त समलिंगी जोडप्यांसाठी आहे. त्यामुळे स्त्री-पुरुष जोडप्याला इटलीत विवाहच करावा लागतो. कागदांच्या या व्यापाला कंटाळून अनेक ब्रिटिश जोडपी सरळ जिब्राल्टर गाठतात. जॉन लेनन आणि योको ओनो यांनी 20 मार्च 1969 रोजी लग्न लावले ते तिथेच. ब्रिटिश अंमल, इंग्रजी भाषा आणि झटपट परवाना, एवढे सगळे एका खडकावर मिळते.

लग्नानंतर ब्रिटनमध्ये काहीच करायचे नसते, आणि यावर घरातल्या कोणाचा विश्वास बसत नव्हता. परदेशातले लग्न स्थानिक कायद्याप्रमाणे वैध असेल आणि दोघेही लग्न करण्यास पात्र असतील, तर ब्रिटनचा कायदा ते मानतो. परदेशी विवाहाचा दाखला ब्रिटिश नोंदणी कार्यालयात ठेव म्हणून देण्याची सोय पूर्वी होती. ती 1 जानेवारी 2014 पासून बंद झाली. त्यामुळे इटलीच्या नगरपालिकेतला दाखला हाच एकमेव पुरावा. त्याच्या दोन-तीन प्रती तिथूनच घेणे आणि एकीवर तिथल्या प्रिफेक्चरचे अपॉस्टील करून घेणे शहाणपणाचे. नाव बदलून पासपोर्ट काढायचा, तर हाच दाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर लागते.

अपॉस्टील केलेली प्रत भाचीच्या घरी लागली ती भारतासाठी. तिच्याकडे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे. ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदारालाही हे कार्ड मिळू शकते, पण लग्न नोंदलेले असावे आणि अर्जाच्या लगेच आधी सलग किमान दोन वर्षे टिकलेले असावे, अशी नागरिकत्व कायद्याच्या कलम 7ए ची अट आहे. यॉर्कशरच्या जावयाचा अर्ज आता त्या दोन वर्षांसाठी थांबला आहे. तोवर भारतातल्या सासुरवाडीला यायचे तर व्हिसा.