बाप्तिस्म्यानंतरची वर्षं

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत, खुटबाव मागे टाकते तसा खिडकीतून येणारा वास बदलतो. हंगाम असला तर उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास डब्यात शिरतो आणि पाटी दिसायच्या आधीच केडगाव आल्याचं कळतं. गुऱ्हाळांचा हा मुलूख. चिमण्यांचा धूर, वाळत पसरलेली चिपाडं, गुळाच्या ढेपांनी भरलेले टेम्पो. या गडबडीला लागूनच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आत गेलं की आवाज खाली येतात. झाडांची दाट सावली, जुन्या इमारती, कुठल्या तरी सदनातून ऐकू येणारं मुलींचं पाठांतर. कुणी धान्य निवडत असतं, कुणी आंधळ्या सोबतिणीचा हात धरून तिला उन्हातून सावलीत नेत असतं. प्रार्थनेची वेळ झाली की हातातलं काम बाजूला ठेवून, पदर सावरून सगळ्या उपासनेला बसतात. उपासना संपली की पुन्हा तेच काम. या दोहोंत इथे मला कधी शिवण दिसली नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या मंडळ्यांत साक्ष देण्याची रीत आहे. माणूस उभा राहतो आणि अमुक साली, अमुक सभेत प्रभूने मला स्पर्श केला, असं सांगतो. तारीख सांगितली की मंडळी ‘आमेन’ म्हणते आणि साक्ष बहुधा तिथेच संपते. त्या तारखेनंतरच्या वर्षांचं काय, हे कुणी विचारत नाही. केडगावला आले की मला तीच वर्षं आठवतात, कारण रमाबाईंची सगळी कहाणी त्या वर्षांची आहे.

वेदशास्त्रसंपन्न अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. आईबापांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायाखाली घातलेली, दुष्काळात त्यांना उपासमारीने गेलेलं पाहिलेली, कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेली, आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच विधवा झालेली. 1883 मध्ये ती इंग्लंडला गेली. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू असल्याने ते राहून गेलं. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेलं, समाजाने टाकलेल्या बायकांचं घर तिने पाहिलं. अशा बायकांना हात देऊन माणसांत आणणारी ही दया येते कुठून, असं तिने विचारलं. उत्तरादाखल कुणीतरी तिला येशूशी विहिरीवर बोललेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे तिने आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांसारखे थोडे तिच्या बाजूने उभे राहिले, बाकीच्यांनी तिला परकी ठरवलं. आणि ज्यांच्यात ती गेली त्यांनाही ती पेलली नाही. वाँटेजच्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीनशी झालेला तिचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो. तो वाचताना जाणवतं की ही बाई कुठलाही सिद्धांत डोळे मिटून गिळायला तयार नाही. त्रैक्यावर ती प्रश्न विचारते, चर्चच्या अधिकारावर वाद घालते, आपल्या विवेकाची किल्ली कुणा धर्मगुरूच्या हाती देत नाही. जोगिणींना तो अहंकार वाटला. मला ती प्रार्थनाच वाटते. ज्याच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं असतं, त्याच्याशीच माणूस इतकं भांडतो.

मग विधवांसाठीचं शारदा सदन आलं, 1889 मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात. 1893 मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, तेव्हा रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतलं. या सगळ्या काळाबद्दल रमाबाईंनी पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत जे लिहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्याचा आशय असा, की बाप्तिस्मा घेतल्यावर धर्म हाती आला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून भेटला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या एका पाळकाचं आत्मकथन वाचताना हे त्यांच्या ध्यानी आलं. हा माणूसही पाळक झाल्यानंतर कितीतरी काळाने आतून जागा झाला होता. बाप्तिस्मा आणि ही जाग यांच्यात सुमारे आठ वर्षं गेली. शास्त्रं मुखोद्गत असलेल्या, सभा गाजवलेल्या विदुषीने, आपल्याला इतकी वर्षं मुख्य गोष्टच मिळाली नव्हती, असं छापून सांगावं! आपण रविवारच्या उपासनेला न चुकता जातो, प्रभुभोजन घेतो, आणि हा प्रश्न स्वतःला विचारायचं धाडस टाळतो.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नाविना फिरणाऱ्या पोरी त्यांनी गोळा केल्या. उपासमार त्यांना नवी नव्हती, त्या मुलींच्या वयाच्या असताना त्यांनी ती स्वतः सोसली होती. पुण्यात प्लेगमुळे गर्दी करायला बंदी, म्हणून केडगावची जागा. विहिरी खणल्या, भाज्या लावल्या, माग बसवले. एका वेळी इथे दोनेक हजार बायका-मुली राहिल्या. 1905 च्या जूनमध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं, मुली रात्रंदिवस रडत, पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या आणि देशोदेशी त्याची कीर्ती गेली. परदेशी पाहुणे आजही त्याबद्दलच विचारतात. मला मात्र मुक्तीचा छापखाना जास्त खोलवरचा वाटतो.

खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र आणायचं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांचं, आणि खिळे जुळवायला इथल्याच मुली. दुष्काळात अक्षर न ओळखणारी पोर खणातून एकेक खिळा उचलते, काना, मात्रा, जोडाक्षर जागच्या जागी बसवते, ओळ पुरी करते. माझ्या आजीकडे या बायबलची एक प्रत होती. पान उलटून मागून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाब लागायचा. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत हे काम चाललं. वर्षं गेली. संजीवनाच्या रात्री ज्या वेगाने आल्या त्या वेगाने हे काम होत नसतं, आणि विश्वासही बहुतेक वेळा असाच खिळ्या-खिळ्याने जुळत जातो.

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. चाळीस वर्षांची होती, आईनंतर मुक्तीचा भार तीच उचलणार असं सगळे धरून चालले होते. त्या मृत्यूनंतरही रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. काम पुरं होण्याएवढे दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले, असं मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते 1924 मध्ये.

रमाबाईंची साक्ष लहानशी आहे, एका बैठकीत वाचून होते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या हाती मंडळ्यांनी ती द्यावी. आणि ज्यांचा बाप्तिस्मा माझ्यासारखा आईच्या कडेवर असतानाच झाला, त्यांनी ती आधी वाचावी.