अहो, हा तर आपल्या वसईचा!

मी ना इतिहासाची अभ्यासक, ना धर्मशास्त्राची. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, तेव्हा आता तुम्हीच ऐका! ख्रिस्ती संतांची चरित्रं वाचतेय, आणि त्यात कोण भेटावं? गोन्सालो गार्सिया! आपल्या वसईचा! सोळाव्या शतकातला! वडील पोर्तुगीज, आई इथलीच. हा पोरगा जपानला जातो काय, जपानी घडाघडा बोलायला लागतो काय, व्यापारात जम बसवतो काय, आणि मग तो सगळा जमलेला धंदा सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरतो, आणि मग दुभाषा म्हणून पुन्हा जपानलाच परततो! पुढे पकडला जातो. डाव्या कानाचा तुकडा कापलेला, भर हिवाळ्यात क्योटोपासून नागासाकीपर्यंतची वाट, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ क्रूस! त्यांतला एक मुलगा १२ वर्षांचा. बारा!

थांबा, उठू नका! त्याच काळात पार पेरूत, लिमा शहरात, मार्टिन डी पोरेस मठात झाडलोट करतोय. आई गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय बाई, म्हणून मठात त्याची जागा सगळ्यांत खालची. तो न्हाव्याचं काम शिकलेला. तेव्हा जखमा बांधायचं कामही न्हाव्याकडेच असायचं! आणि मग मठाचे रोगी त्याच्याकडे, शहरातले गरीब त्याच्याकडे, आजारी जनावरंसुद्धा त्याच्याकडे! त्याचं चित्र बघाच. संताच्या हातात झाडू! आणि पायाशी एकाच थाळीत कुत्रा, मांजर आणि उंदीर जेवताहेत. उंदीरसुद्धा! गोन्सालोला संतपद मिळालं १८६२ साली, मार्टिनला १९६२ साली. बरोब्बर शंभर वर्षं!

आणि मग पुन्हा नागासाकी! १९३० साली तिथे पोलंडचा मॅक्सिमिलियन कोल्बे येतो. तोही फ्रान्सिस्कनच! डोंगरउतारावर मठ बांधतो, मायदेशी परततो, आणि मग नाझी त्याला आउशवित्झच्या छळछावणीत टाकतात. १९४१ मध्ये दहा कैद्यांना उपाशी मारायची शिक्षा होते. त्यांतला एक बायकोमुलांच्या नावानं आक्रोश करतो आणि कोल्बे रांगेतून पुढे येतो: याच्याऐवजी मला न्या! आणि ते मान्य होतं! आता ऐका हं. १९८२ साली रोममध्ये कोल्बेला संत घोषित केलं, तेव्हा तो वाचलेला माणूस, फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक, तिथे हजर होता! जिवंत! मी तर पुस्तक मिटून घरभर फेऱ्या मारल्या!

आणि सुदानची बखिता! लहानपणीच पळवून नेऊन गुलाम म्हणून विकलेली. इतकी हादरलेली, की आईवडिलांनी ठेवलेलं नावच आठवेना. पुढे इटलीत मालकीण परत न्यायला आली, तर चक्क नाही म्हणाली! १८८९ साली न्यायालयानं तिला स्वतंत्र ठरवलं. मग ती जोगीण झाली आणि स्कियो गावच्या मठाचं दार सांभाळू लागली. आल्यागेल्याला दार उघडायचं!

दिसतंय ना तुम्हालाही? एकाकडे भाषा होती, एकाकडे झाडू, एकाकडे रांगेतली स्वतःची जागा, एकीकडे दार. हाताशी होतं तेच त्यांनी देऊन टाकलं, आणि तेवढ्यानं कुणाकुणाचं आयुष्य बदललं!

आता समोर आलाय पाचव्या शतकातला, सीरियातला सिमिओन. तीसहून जास्त वर्षं खांबावर राहिला! खांबावर! खाली माणसांची रीघ, आणि हा वरून त्यांची भांडणं सोडवतोय! चला लवकर, मी पान उलटतेय!