काचेवरचा साक्षीदार

माझ्या आयुष्यात ज्या काही ऐटबाज वस्तू आल्या, त्या सगळ्या दुसऱ्याच्या होत्या. शाळेत असताना मामाचे मनगटी घड्याळ परीक्षेपुरते मिळाले. कॉलेजात मित्राची गिअरची सायकल सहा महिने वापरली. आणि आता पंचेचाळिशीत, डोक्यावरचे केस आणि मनातल्या हौशी दोन्ही विरळ होत असताना, मेहुण्याची मोटार माझ्या दारात येऊन उभी राहिली.

मेहुणा दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दाजी, गाडी नुसती उभी ठेवू नका. बॅटरी उतरते. आठवड्यातून दोनदा तरी फिरवा."

ही मोटार म्हणजे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. २०१७ साली आपल्याकडे आलेली. बाहेरून पाहाल तर चार दारांची, सभ्य, एखाद्या डॉक्टरची वाटावी अशी. पण पोटात दोन लिटरचे टर्बो एंजिन, २३० अश्वशक्ती, आणि मनात आणलेच तर ताशी २५० किलोमीटर! मनात आणायचे कोणी? आम्ही कोथरूडहून कॉलेजात जाणार आणि येताना कोथिंबीर आणणार. पंचकल्याणी घोड्यावर बसून गिरणीत दळण न्यावे तसा तो प्रकार होता. तरीसुद्धा खोटे कशाला सांगू, सिग्नलला शेजारच्या गाडीतली तरुण मुले तिच्याकडे वळून पाहत तेव्हा माझी मान नकळत ताठ होई.

मेहुण्याची एकच अट होती: गाडीला डॅशकॅम बसवून घ्यायचा. "आपली चूक नसली तरी मोठ्या गाडीवाल्यालाच लोक धरतात, दाजी. पुरावा असलेला बरा." कॅमेरा त्यानेच विकत घेऊन ठेवला होता. बसवण्याचे काम तेवढे माझ्याकडे आले.

मोटारींच्या सामानाच्या एका दुकानात तो बसवून घेतला. मला वाटले होते, देवाची तसबीर चिकटवावी तसा कॅमेरा काचेला चिकटवला की संपले. पण तिथला कारागीर शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने कामाला लागला. आरशाच्या मागे, चालवणाऱ्याच्या नजरेआड पण वायपर फिरतो त्या टापूतच त्याने जागा धरली, कारण पावसात काच पुसली गेली नाही तर कॅमेरा आंधळा. मग प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने छताच्या अस्तराची कड हलकेच उचलून वायर आत सरकवली. काचेच्या बाजूच्या खांबाशी येताच तो थांबला. "सर, इथं आत एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर वेळेला ती नीट उघडायची नाही. मागूनच न्यायला पाहिजे." पुढे फ्यूजच्या पेटीत तीन वायरी गेल्या: एक सदैव जिवंत, एक किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, आणि तिसरी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. मधल्या छोट्या डबीत बाराचे पाच व्होल्ट होतात. गाडी उभी असताना बॅटरी फार उतरू लागली तर ती डबी कॅमेऱ्याचा पुरवठा आपण होऊन तोडते. आत लिथियमच्या बॅटरीऐवजी कपॅसिटर आहे, म्हणजे उन्हात बंद गाडीची भट्टी झाली तरी तो टिकाव धरतो, हेही त्याने समजावून सांगितले. तासभर मी आदर्श विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. आमच्या वर्गात असे कोणी ऐकेल तर मी त्याला पेढे वाटीन.

यंत्राची रीत मोठी मजेची आहे. गाडी सुरू झाली की ते लिहू लागते आणि तीन-तीन मिनिटांचे तुकडे एकापुढे एक ठेवत जाते. आमच्या ६४ गिगाबाइटच्या कार्डात साधारण सात तास मावतात. आठवा तास आला की पहिला पुसून त्याच्या जागी नवा लिहायचा. मात्र धक्का बसला तर आतला जी-सेन्सर तो जाणतो आणि त्या वेळच्या तुकड्याला कुलूप लावतो. तो मग पुसला जात नाही. थोडक्यात, रोजचे विसरायचे आणि आघात तेवढे जपून ठेवायचे. माणसाचे मन याहून निराळे काय करते?

पण या गाडीच्या स्प्रिंगा ताठ आणि टायर बसके. पुण्यातला प्रत्येक गतिरोधक तिला अपघातच वाटू लागला. पहिल्याच आठवड्यात निम्मे कार्ड कुलूपबंद खड्ड्यांनी भरून गेले. शेवटी मी सेन्सरची संवेदनशीलता अगदी खालच्या पायरीवर आणून ठेवली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिनेच मला अडचणीत आणले.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी सुखात होतो. चित्रगुप्त आपल्या काचेवर येऊन बसला आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे, या भावनेत केवढे समाधान असते म्हणून सांगू! उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार, सिग्नल तोडणारी रिक्षा, एकाएकी आडवी वळणारी मोटार, सारे माझ्या दप्तरी जमा होत होते. घरी पाहुणे आले की चहाबरोबर मी त्यांना ही चित्रे दाखवी. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशातून गेलेली उल्का अशाच मोटारींतल्या कॅमेऱ्यांनी टिपली होती, हे मी प्रत्येकाला सांगत असे. शेजारच्या वकीलसाहेबांनी तर, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे योग्य ते प्रमाणपत्र जोडले की असे चित्रण न्यायालयात चालते, असे सांगून माझी छाती आणखी फुगवली. आमची ही मात्र एकदा म्हणाली, "अहो, यात सगळ्यांच्या चुका दिसतात, तुमची कशी एकही नाही?"

"कारण मी करत नाही," मी म्हणालो.

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आम्ही दोघे आकाशकंदील घ्यायला निघालो होतो. कर्वे रस्त्यावर कंदिलांची दुकाने लागलेली दिसली आणि मी गाडी डावीकडे घेतली. तेवढ्यात आरशाला काहीतरी चाटून गेले आणि एक स्कूटर पुढे जाऊन आडवी झाली. घरोघर जेवण पोचवणारा मुलगा होता, वीस-बावीसचा असेल. कोपर खरचटले होते. स्कूटरचा आरसा फुटला होता, आणि कुणाच्या तरी घरचे रात्रीचे जेवण रस्त्यावर सांडून रश्श्याचा ओघळ गटाराकडे चालला होता.

मी उतरलो. मुलाला उठवले, फार लागले नाही ना हे पाहिले, डॉक्टरकडे नेतो असेही म्हणालो. इथपर्यंत ठीक होते. पण त्याच्या तोंडून "सर, तुम्ही एकदम…" एवढे शब्द निघाले मात्र, आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला.

"एकदम? अरे, मी केव्हाचा इंडिकेटर दिलाय! डावीकडून घुसायची तुम्हांला घाई!" आणि काचेकडे बोट दाखवून मी म्हणालो, "सगळं यात आलंय. बघायचंय?"

चार माणसे जमलीच होती. त्यांतला एक म्हणाला, "कॅमेरा आहे ना साहेब? मग तुम्हांला काळजी कसली!" मुलाने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिले, एकदा गाडीकडे पाहिले, आणि खाली मान घालून म्हणाला, "सॉरी सर. माझीच चूक." मी त्याला उदार मनाने क्षमा केली. घाईचे दुष्परिणाम यावर पाच मिनिटे बोललो. तो सांडलेल्या पिशव्या गोळा करत ऐकत होता. मग आम्ही कंदील घेतला.

रात्री जेवणे झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने तो तुकडा संगणकावर लावला. मेहुण्याला पाठवायचा होता. ही शेजारी वाती वळत बसली होती.

पडद्यावर रस्ता दिसत होता आणि गाडीतले आमचे बोलणे ऐकू येत होते. मी तिला एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केलेला विनोदी घोटाळा सांगत होतो. माझा आवाज, माझेच हसणे. मग कंदिलांची रांग दिसली, "हे बघ, इथेच घेऊ," असे शब्द आले आणि रस्ता पडद्यावर उजवीकडे सरकू लागला. मग खट् असा आवाज आणि स्कूटर.

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज वाढवून ऐकले. इंडिकेटर दिला की गाडीत टक्-टक्, टक्-टक् असा आवाज होतो. तिथे तो नव्हता. माझे बोलणे होते, हसणे होते, एंजिनाची हलकी गुरगुर होती, टक्-टक् नव्हती.

हिने वात वळता वळता वर पाहिले. काही बोलली नाही. काही बोलली असती तर मला वादाला जागा मिळाली असती.

तुम्ही म्हणाल, मग खोटे का बोललात? वाचकहो, मी खोटे बोललो नव्हतो. इंडिकेटर दिल्याचे मला स्वच्छ आठवत होते! बोटांना त्या दांडीचा स्पर्शसुद्धा आठवत होता. रोज शंभरदा केलेली गोष्ट त्या दिवशीही केलीच असणार, असे मनाने आपले आपणच लिहून टाकले होते. दर वर्षी मी वर्गात लीळाचरित्र शिकवतो. म्हाइंभटांनी लीळा कशा जमवल्या, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे ते कसे गेले, नागदेवाचार्यांना कसे विचारत राहिले, हे मुलांना रंगवून सांगतो. पाहणाऱ्याला जाऊन विचारल्याशिवाय लिहू नये, हे तात्पर्यही न चुकता सांगतो. आणि रस्त्यावर दुसरा पाहणारा समोर उभा असताना मी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नव्हते.

आता एक मोह सांगतो. धक्का इतका हलका होता, आणि सेन्सर मी इतका मंद करून ठेवला होता, की त्या तुकड्याला कुलूप लागलेच नव्हते. चार दिवसांनी आम्ही दिवाळीला कोल्हापूरला जाणार होतो. जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर, नऊ-दहा तासांचा प्रवास. मी काहीही करण्याची गरज नव्हती. नुसती गाडी चालवायची. परत येईपर्यंत यंत्राने ते आपण होऊन पुसले असते. पुसण्याचे पापसुद्धा मला लागले नसते! दोन दिवस मी हा विचार मनात घोळवला, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी फराळाचे डबे भरताना ही म्हणाली, "कोल्हापूरला निघायच्या आधी काय ते करा."

चित्रात सांडलेल्या पिशवीवर एका खानावळीचे नाव वाचता येत होते. संध्याकाळी तिच्या दाराशी अशी पुष्कळ मुले ताटकळत उभी असतात. मी पायीच गेलो. त्या दिवशी तो नव्हता. दुसऱ्या दिवशी सापडला. कोपराला पट्टी होती. मला पाहून तो दचकला, दोन पावले मागे सरकला. मी पुन्हा भांडायला आलो, असे त्याला वाटले असावे.

"अरे, त्या दिवशी मी इंडिकेटर दिला नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे सर."

मी क्षणभर गप्प झालो. "मग बोलला का नाहीस?"

तो ओशाळे हसला. "तुमच्याकडे कॅमेरा होता ना सर. मला वाटलं, आता आपलं कोण ऐकणार?"

या वाक्याने मला जेवढे खाली बसवले तेवढे कोणत्याही न्यायाधीशाने बसवले नसते. साक्षीदार म्हणून काचेवर बसवलेल्या त्या डोळ्याने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि त्याच्या नुसत्या असण्याने खरे बोलणारा मुका झाला होता. त्यात काय आहे हे पाहण्याची गरज ना जमलेल्यांना वाटली, ना मला. कॅमेरा कुणाचा, एवढेच सर्वांनी पाहिले.

आरशाचे आणि जेवणाचे पैसे मी पुढे केले. आढेवेढे घेत त्याने ते घेतले. मग जरा घुटमळून म्हणाला, "सर, ते चित्रण मला पाठवाल? त्या ऑर्डरची तक्रार माझ्या नावावर लागलीय. दाखवता येईल."

पैसे देणे सोपे गेले होते. हे जड गेले. त्या तीन मिनिटांत माझे हसणे होते, माझी चूक होती, आणि शेवटी उघड्या दारातून आत आलेले, घाईच्या दुष्परिणामांवरचे माझे व्याख्यान अथपासून स्पष्ट ऐकू येत होते. ते आता कोणकोण ऐकणार, कुणास ठाऊक. मी त्याचा नंबर घेतला आणि घरी आल्यावर, चप्पल काढण्याआधी, तो तुकडा जसाच्या तसा पाठवून दिला. मेहुण्यालाही पाठवला. त्याचे उत्तर आले: "दाजी, कॅमेरा चांगला बसलाय."

पुढल्या महिन्यात त्या मुलाचा निरोप आला की तक्रार निघाली.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. मेहुणा यायला अवकाश आहे. पाहुण्यांना चित्रे दाखवणे मात्र मी बंद केले आहे. परवा वळताना इंडिकेटर दिला तेव्हा शेजारी बसलेली ही एकाएकी बोलायची थांबली. मी म्हटले, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, "ऐकतेय."